भुकटीचे मूळ विचारावे काय?

सौदी अरेबियात, जेद्दाच्या उत्तरेस तांबड्या समुद्राच्या काठी थुवाल हे गाव आहे. २००९ साली तेथे राजा अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ उघडले. जनावरांच्या कातड्यांतून कोलॅजन हे प्रथिन काढून एकमेकांशी ताडून पाहण्याचे संशोधन थुवालशी निगडित आहे. जखमेच्या पट्ट्यांत कोलॅजन वापरतात. तेच शिजवले की जिलेटिन होते. औषधाच्या पुष्कळ कॅप्सूलांचे वेष्टन त्याचेच.

केस व चरबी काढलेले कातडे बारीक कापून थंड, सौम्य आम्लात भिजत घालतात. पुष्कळदा त्यात पेप्सिन हे पाचक द्रव्य मिसळतात. मग मीठ घालून कोलॅजन वेगळे करतात व वाळवतात. उंट असो, गाय असो की मासा, शेवटी हाती पांढरा पदार्थच येतो, आणि त्याची घडण तीन पेडांच्या वेणीसारखीच असते.

मग मूळ विचारण्यात अर्थ काय? आमच्या मते अर्थ आहे. थंड पाण्यातील माशाचे कोलॅजन थोड्या उष्णतेनेच उलगडते, गाईचे अधिक उष्णता सोसते. म्हणजे प्रयोगशाळेतही मूळ पार पुसले जात नाही.

तोरेप्रमाणे उंट रवंथ करतो, पण त्याचे खूर दुभंगलेले नाहीत, म्हणून तो आपल्याला वर्ज्य. मुसलमानांना तो हलाल. डुक्कर दोघांनाही निषिद्ध. आणि पेप्सिन तर बहुधा डुकराच्या जठरातूनच काढतात! तेव्हा डबीवर नुसते ‘मासा’ लिहून भागत नाही.

जिलेटिनविषयी रब्बींत दोन मते आहेत. वस्तूचे रूप पालटले म्हणून काहींनी मोकळीक दिली, काहींनी नाही. परंतु जखमेवर लावणे म्हणजे खाणे नव्हे, आणि जीव वाचविण्याच्या वेळी खाण्याचा निर्बंधही बाजूस ठेवावा, अशी धर्माचीच आज्ञा आहे. म्हणून ‘सांगितले तर रोगी नाकारील’ या भीतीने डॉक्टरने मूळ लपविण्याचे कारण नाही. त्याने सांगावे, समजवावे, आणि निर्णय रोग्यावर सोपवावा.

दावीद राहबी यांनी कोकणात आपल्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी पर व खवले असलेले तेवढेच निवडले, असे आपली परंपरा सांगते. भुकटीला खवले नसतात. आपल्या आजीचे डोळे जे काम बाजारात करीत, ते आता डबीवर लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाकडे आले आहे. त्याने खरे लिहावे, आणि आपण विचारण्याचा संकोच करू नये.