तीर्थाची बाटली

एका माघी वारीतली गोष्ट मनाला लागून राहिली आहे. सांगावी की सांगू नये, या विचारात बरेच दिवस गेले. पण वारकऱ्याने आपले उणे आपल्याच माणसांपुढे ठेवावे, दुसरीकडे कुठे ठेवणार? म्हणून लिहितो.

माझी आई नव्वदीला टेकली आहे. गुडघ्यांनी तिची वारी थांबवली, तेव्हापासून तिचे माझ्याकडे मागणे एकच. "येताना चंद्रभागेचं तीर्थ आण." मी बाटली भरून आणतो. ती दोन थेंब डोळ्यांना लावते, पळीभर घेते, उरलेले तुळशीला घालते. त्या माघीला स्नानाला उतरलो आणि बाटली पाण्यात धरली. माघात नदीला धार अशी नव्हतीच. जागोजागी डबकी, पाणी हिरवट, वर तवंग, कडेला भिजलेल्या पत्रावळी. बाटली उजेडात धरून पाहिली आणि हात थबकला. हे आईला पाजायचे? बाटली तिथेच रिकामी केली आणि मुक्कामाच्या ठिकाणी बोअरच्या नळावर भरून घेतली.

घरी आईने विचारले, "चंद्रभागेचंच ना रे?"

"हो," म्हणालो.

तिने डोळे मिटून ते पाणी कपाळाला लावले. त्या रात्री मला झोप आली नाही.

मी खोटे बोललो, की आईची काळजी घेतली? पुष्कळ दिवस हाच प्रश्न घोळत होता. पुढे लक्षात आले की मी चुकीच्या जागी अडकलो आहे. नळावर केले ते शेवटचे खोटे. पहिले खोटे फार वरच्या अंगाला, फार आधी झालेले आहे. ते शोधायचे तर पाण्याच्या उलट्या दिशेने चालत गेले पाहिजे.

आपण वारकऱ्यांना हे अवघड जाऊ नये. आषाढीला आपण आळंदीहून अडीचशे किलोमीटर चालत पंढरीला येतो. पण आपल्यासोबत पाणीही तीच वारी करते, हे कधी ध्यानात घेतले आहे का? माउलींच्या पायाशी वाहणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्यात ओलांडतो त्या मुळा-मुठा एक होऊन पुढे भीमेतच येतात. सासवडची कऱ्हा नीरेला मिळते. ज्या नीरेत पादुकांना स्नान घालतात, ती नरसिंहपूरला भीमेच्या कुशीत शिरते. वाटेतल्या या सगळ्या नद्यांचा मुक्काम शेवटी पंढरीच. म्हणजे आळंदीच्या घाटावर जो फेस तरंगताना दिसतो, शहरांच्या गटारांतून प्रक्रिया न होता जे सांडपाणी नदीत पडते, ते सारे आपल्यासारखेच पंढरीच्या वाटेला लागलेले असते. वाटेत उजनीच्या धरणात ते थांबते, साचते. साबणाचा आणि मैल्याचा अंश जलपर्णीला खत होतो. जलपर्णी माजते, कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. मासा तळमळतो.

इथवर बोट शहराकडे दाखवणे सोपे होते. मीही पुष्कळ दिवस तेच केले. पण पाण्याच्या मागे जाणाऱ्याला स्वतःचे रान मध्येच लागते.

माझे रान माढा तालुक्यात, उजनीच्या कालव्याखाली. धरण १९८० साली पुरे झाले. त्याआधी आमच्याकडे ज्वारी, तीही पावसाने साथ दिली तर. धरणात ११७ टीएमसी पाणी मावते आणि त्यातले साधारण ५३ वापरता येते. त्या पाण्याने आमचे दिवस पालटले, हे मी नाकारणार नाही. उसाच्या पैशावर बहिणीचे लग्न झाले, मुले शिकली. वर ज्यांची गावे बुडाली त्यांनी त्याची किंमत मोजली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि त्याची आठवण करून देते.

पाणी आले तसा माणूस बदलला. ज्वारीचा शेतकरी आभाळाकडे बघायचा, उसाचा शेतकरी पाळीकडे बघू लागला. मिळेल तेवढे पाणी सोडायचे, पिकाला लागेल त्याहून जास्त युरिया टाकायचा. उसाने घेतला तेवढा घेतला, बाकीचा पाण्याबरोबर ओढ्यात, ओढ्यातून नदीत. माणसाने नदीला बदलले, असे आपण म्हणतो. नदीनेही मला बदलले होते. मी मोजणे विसरलो होतो. मग जमिनीने उत्तर दिले. सखल भागातले अर्धा एकर रान चिबडले, वर पांढरा खार फुटला. तिथे आता ऊस सोडा, गवतही धड येत नाही. कुणी शाप दिला नाही की कुणी सूड घेतला नाही. दिले तेच परत आले.

आणि वाळवंट? नामदेवरायांच्या कीर्तनाने पावन झालेली ती वाळू. तिथे उभे राहिले की कोण कुठल्या जातीचा, कुणाचे रान किती, हे गळून पडते. ती वाळू पुराबरोबर वाहून येते, आणि धरण पाण्याबरोबर तिलाही वर अडवून धरते. नवी भर कमी, आणि उपसा रात्रंदिवस. उपशाने पडलेल्या खड्ड्यांत स्नानाला उतरलेली माणसे बुडतात. मी घराला स्लॅब टाकला तेव्हा वाळू कुठली, हे विचारले नव्हते. स्वस्त पडली, एवढे आठवते. आज त्याच स्लॅबखाली माझे देवघर आहे.

तर पहिले खोटे हे. तोंडाने "माय" म्हणायचे आणि हाताने तिला गटार आणि खाण समजायचे. बाटलीतले पाणी बदलले त्याचे मला दुःख झाले. नदीतले पाणी बदलत होतो तेव्हा झाले नाही.

कुणी म्हणेल, गंगा कशानेही विटाळत नाही, भाव शुद्ध असला की पुरे. भावाबद्दल माझा वाद नाही. पण भाव खरा असेल तर तो हाताला आवरतो. ज्या पात्रात पांडुरंगाचे चरणतीर्थ घ्यायचे, ते पात्र आपण खरकटे ठेवत नाही. कुणी म्हणेल, मी एकट्याने काय होणार? कारखान्यांचे आणि शहरांचे पाणी माझ्या ठिबकने स्वच्छ होणार नाही, हे खरेच आहे. ते काम नगरपालिकांनी, सरकारनेच करायचे, आणि ते मागण्याचा आपला हक्क आहे. पण लाखांच्या वारीत माझ्या एका पावलाने काय होते, असे म्हणून कुणी वारकरी घरी बसल्याचे ऐकले नाही.

शेवटी एके दिवशी आईपुढे सगळे सांगून टाकले. बाटलीचे, नळाचे, पाण्याचे. मला वाटले, रडेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चंद्रभागा आजारी हाय म्हण की. आन् आजारी आईला तसंच टाकून, दुसरीला आई म्हणून घेऊन आलास व्हय?"

यावर मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही. त्या वर्षी दोन एकरांवर ठिबक घातले, पाचट जाळणे सोडले, खत मोजून देऊ लागलो. आमच्या दिंडीत आता प्रत्येकाच्या पिशवीत आपापले ताट-तांब्या असतो. यातल्या कशानेही चंद्रभागा बरी झाली, असा दावा मी करणार नाही.

बाटली मात्र अजून नेतो. पाणी नदीतूनच भरतो. ते आई पीत नाही. देवघरासमोर ठेवते, एकदा उजेडात धरून बघते आणि विचारते, "यंदा कशी हाय?"

जशी आहे तशी सांगतो.

रामकृष्णहरी.