यरीहोची वाट आणि क्रेडिट कार्ड



नाताळ जवळ आला की घरोघरी खरेदीची गडबड सुरू होते. पूर्वी त्यासाठी दादर नाही तर क्रॉफर्ड मार्केट गाठावे लागे. आता मुलांचे कपडे, गोठ्यासाठी दिव्यांच्या माळा, आईसाठी साडी, सारे मोबाईलवर मागवले जाते आणि पैसे कार्डावरून जातात. सोय मोठी आहे यात शंका नाही. पण तिच्यासोबत एक धास्तीही घरात शिरली आहे. कार्डाचा नंबर भलत्याच्या हाती पडला तर? फोनवर बोलणारा खरोखर बँकेचा की भामटा? मिस्सेनंतर भेटणाऱ्या लोकांच्या तोंडी हा विषय वारंवार येतो, म्हणून आज त्यावर चार शब्द.

'क्रेडिट' या शब्दाचे मूळ आपल्याला परके नाही. रविवारी प्रवचनानंतर आपण उभे राहून आपली श्रद्धा प्रकट करतो, तिला लॅटिनमध्ये 'क्रेदो' म्हणतात, म्हणजे 'मी विश्वास ठेवतो'. क्रेडिट हा शब्द त्याच धातूपासून आला. मराठीत आपण त्याला पत म्हणतो. वसईची भाजी आणि फुले मुंबईच्या बाजारात जात ती अनेकदा तोंडच्या शब्दावर. १९१८ साली आपल्या समाजाने इथे पतसंस्था उभी केली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. तेव्हा देणारा घेणाऱ्याला ओळखत असे, त्याचे घर कोणत्या आळीत आहे हे त्याला ठाऊक असे. आज दुकानदाराचा चेहरा दिसत नाही, आणि भामट्याने नेमका त्याचाच फायदा घेतला आहे.

खरेदी-विक्रीतील फसवणूक हा विषय तसा जुनाच. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात त्यासाठी स्वतंत्र प्रश्न खर्ची घातला आहे. विक्रेत्याने मालातील दोष सांगितलाच पाहिजे का, असे ते विचारतात आणि एकाक्ष घोड्याचे उदाहरण देतात. घोड्याला एकच डोळा आहे हे समोर दिसते, ते पाहणे गिऱ्हाइकाचे काम. पण जो दोष झाकलेला आहे आणि ज्याने गिऱ्हाइकाचे नुकसान होणार आहे, तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य. तो लपवला तर पाप विक्रेत्याचे, घेणाऱ्याचे नाही. सेमिनरीत हे वाचताना आम्हाला घोड्याची गोष्ट जराशी गमतीची वाटली होती. आज मोबाईल हातात घेतल्यावर ती नेमकी लागू पडते.

जे समोर दिसते ते आपण पाहावेच. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन खरेदीत कार्डावरील आकड्यांखेरीज आणखी एक पुरावा सक्तीचा केला, त्यातूनच पुढे ओटीपी रूढ झाला. तो निरोप आला की आपण घाईघाईत आकडे तेवढे उचलतो. त्याच निरोपात बहुधा रक्कम आणि दुकानाचे नावही लिहिलेले असते, ते वाचायला पाच सेकंद पुरतात. परत मिळायच्या पैशांसाठी ओटीपी किंवा पिन लागत नाही. दुकानाचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नये, कारण भामटे तिथे आपलेच नंबर पेरून ठेवतात. तो दुकानाच्या अ‍ॅपमधूनच घ्यावा. कार्डाचा ऑनलाइन वापर बंद-चालू करणे, त्यावर मर्यादा घालणे हेही आता आपल्या हातात आहे. परदेशी खरेदी करायची नसेल तर तो पर्याय बंदच ठेवावा.

एवढे सांभाळूनही माणूस फसतो, आणि खरे बोलायचे आहे ते त्यापुढचे. आपल्याच धर्मग्रामातील एका भगिनीने साडी परत पाठवली होती. पैसे परत येईनात म्हणून तिने इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या गोड बोलणाऱ्या माणसाने तिला एक अ‍ॅप मोबाईलवर घ्यायला लावले. त्यातून तिचा मोबाईल त्याला दिसू लागला आणि कार्डावरून अठरा हजार रुपये गेले. तिने कोणालाही सांगितले नाही. घरात नवरा काय म्हणेल, शिकलेला मुलगा काय म्हणेल! ती गप्प राहिली, ते अ‍ॅप तसेच राहिले, आणि पुढच्या दोन दिवसांत आणखी दोनदा पैसे गेले. आमच्याकडे आली तेव्हा तिचे पहिले वाक्य होते, "फादर, माझं चुकलं." (तिच्या परवानगीने लिहीत आहोत.)

६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने यासंबंधी नियम घालून दिले. ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना भलत्याच कोणी पैसे काढले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर भुर्दंड ग्राहकावर नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे त्या भगिनीने पहिल्याच संध्याकाळी बँकेला फोन केला असता तर पुढच्या दोन रकमा वाचल्या असत्या. तिला थांबवले ते लाजेने आणि आमच्या-तुमच्या जिभेच्या भीतीने. पैसे गेले की तत्काळ बँकेला कळवावे आणि सरकारच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतात, ते वाटेतच अडवता येतात, पण वेळ थोडा असतो.

लूकच्या शुभवर्तमानातील तो प्रवासी आठवा. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट लुटारूंची म्हणून बदनाम होती. तरीही जखमी माणसापाशी आल्यावर शोमरोनी त्याला विचारत नाही की, बाबा रे, या वाटेने एकटा कशाला आलास? जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि वर खर्च झाला तर परतताना फेडीन असे सांगतो. उतारशाळेच्या मालकाने त्याच्या शब्दावर उधारी मान्य केली असावी. यालाही पतच म्हणायचे.

आपल्या घरात मात्र पहिला प्रश्न नेमका तोच विचारला जातो: "कशाला गेलीस त्या नंबरवर?" मुलांनो, तुम्ही आईला मोबाईल दिलात, तो वापरायला लावलात. ती फसली तर आधी तिच्याजवळ बसा, बँकेचा नंबर लावून द्या. चौकशी उद्याही करता येईल.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या सभागृहात आपले तरुण-तरुणी बसणार आहेत. कार्डावर मर्यादा कशी घालायची, नको ते अ‍ॅप कसे काढायचे, हे ते दाखवतील. मोबाईल आणि चष्मा सोबत आणावा. पिन मात्र त्यांनाही सांगू नये.