स्वस्ताईचे पुण्य कोणाचे?

धान्य स्वस्त झाले की कोणाचे तरी भले होते, असे आपण गृहीतच धरतो. फराळाच्या ताटापाशी बसून या समजुतीची उलटतपासणी करावी, असे मला वाटते. मी मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. अर्थशास्त्राचा अधिकार माझा नव्हे. पण हिशेब सोपा आहे.

युरोपातील सहा देशांनी १९६२ साली सामाईक शेतीधोरण अमलात आणले व शेतकऱ्याला चढा भाव बांधून दिला. युद्धकाळातले उपास ज्यांनी सोसले, त्यांनी तसे करावे यात गैर काय? भाव मिळतो म्हटल्यावर गहू पिकला, आणि पुढे पुढे इतका पिकला की घरी खपेना. परदेशी धाडावा, तर जगाच्या बाजारात तो महाग! समजा, घरचा भाव १०० आणि बाहेरचा ६०. तर मधले ४० सरकार व्यापाऱ्याच्या हातावर ठेवी. अमेरिकेने १९८५ साली याला उत्तर दिले ते सरकारी कोठारातले धान्यच निर्यातदारांना बक्षीस वाटून. चढाओढ दोघा श्रीमंतांची. भाव दबला तो साऱ्या जगाचा. अर्जेंटिनाच्या शेतकऱ्याची जमीन कसदार, मेहनतही कमी नाही. पण त्याच्या पाठीशी तशी तिजोरी नव्हती. त्याने कोणाचे काय बिघडवले होते?

इथे मनात एक शंका उभी राहते. त्याच स्वस्त गव्हाची रोटी इजिप्तमधल्या गरिबाच्या पोटात गेली. मग याला दान म्हणू नये काय? या शंकेचे उत्तर मला १९९५ सालात सापडते. त्या वर्षी जगाचे भाव चढले. गरिबाला स्वस्ताईची खरी गरज तेव्हा होती. आणि डिसेंबरात युरोपने काय केले? गव्हाच्या निर्यातीवर उलट कर बसवला! दात्याची नजर भुकेल्याच्या ताटावर नव्हती, स्वतःच्या कोठारावर होती. आणि स्वस्ताईची किंमत तिसऱ्यानेच, न विचारता, मोजली होती.

२०१५ साली नैरोबीत ही निर्यात-अनुदाने बंद करण्याचे ठरले खरे. पण आपल्या करंज्यांतल्या साखरेचे काय? २०१९-२० च्या हंगामात निर्यातीच्या साखरेला आपल्या सरकारने टनामागे १०,४४८ रुपये दिले. त्याआधीच ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी आपल्या साखर-अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली होती, आणि २०२१ साली पंचांचा निर्णय आपल्या विरुद्ध गेला. आपण त्यावर अपील केले. माझ्या वर्गातली निम्मी मुले ऊसवाल्यांची आहेत. अर्जेंटिनाच्या शेतकऱ्याची कैफियत मी त्यांना तळमळीने सांगतो. ब्राझीलच्या ऊसवाल्याची सांगायची वेळ आली, की तास संपल्याची घंटा कधी होते याची वाट पाहतो.