आर्जव : आतून-बाहेरून सरळ

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १



दैवी गुणांची यादी आजच्या श्लोकापासून सुरू होते. श्लोकातला पहिला शब्द 'अभय', शेवटचा 'आर्जव'. मराठीत आर्जवं करणं म्हणजे विनवण्या करणं, पण तो अर्थ इथे नाही. ऋजु म्हणजे सरळ, त्याचा भाव ते आर्जव. मनात एक, बाहेर दुसरं, असं नसणं.

हा शब्द मला गेल्या उन्हाळ्यात एका लाकडाने शिकवला. इथे इंग्लंडमध्ये मी एका तलावावर शिडाची होडी चालवायला शिकतो. होडी जुनी 'मिरर', लाल शिडांची. तिच्या डोलकाठीला जोडून एक लाकडी वासा वर चढवतात, शिडाची वरची कड त्यालाच बांधलेली असते. तो वासा नेताना माझ्या हातून काँक्रीटवर पडला. केसाएवढी चीर गेली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी चिरेत गोंद भरला, पॉलिश पेपर मारला, वरून व्हार्निश. चीर दिसेनाशी झाली. मी गप्प.

पुढच्या शनिवारी दोन शाळकरी बहिणी तीच होडी पाण्यात न्यायला निघाल्या. वारा चांगलाच होता. माझ्या पोटात गोळा आला. मी जाऊन होड्या सांभाळणाऱ्या आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी व्हार्निश खरवडलं, टोच्या घालून पाहिलं. चीर आत वीतभर तिरकी गेलेली. ते रागावले नाहीत. "जमिनीवर असताना कळलं, बरं झालं," एवढंच म्हणाले.

दुरुस्ती आम्ही दोघांनी केली. तुटकी टोकं नुसती समोरासमोर चिकटवली तर टिकत नाहीत, कारण लाकडाच्या रेषांची उघडी टोकं गोंद पिऊन टाकतात. म्हणून दोन्ही बाजू लांब उतरत्या तासायच्या, लांबी जाडीच्या १२ पट. ४ सेंटीमीटरच्या वाशाला ४८ सेंटीमीटर! चांगलं लाकूड तासताना मला वाईट वाटत होतं. पण सांधा धरतो तो निरोगी लाकडालाच. इपॉक्सी लावल्यावर शिकंजा फार आवळायचा नाही, नाहीतर गोंदच बाहेर येतो. सांध्याची रेघ आजही दिसते.

मग प्रश्न पडतो, आपली प्रत्येक चीर जगाला दाखवायची का? मला तसं वाटत नाही. आर्जव म्हणजे चव्हाट्यावर मन मोकळं करणं नव्हे. पण ज्या गोष्टीवर दुसरा माणूस विश्वासाने भार टाकणार आहे, तिथली चीर त्याला कळलीच पाहिजे. मी खोटं बोललो नव्हतो, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं. तरी ते व्हार्निश खोटंच होतं.

आणि मी गप्प का बसलो? भीतीने. लोक काय म्हणतील, एवढीच भीती. म्हणून वाटतं, अभय आधी येतं ते उगाच नाही. भीती थोडी सुटल्याशिवाय माणूस सरळ होत नाही.

त्या सोमवारी ऑफिसमध्ये टीमला सांगितलं, की एका जुन्या मोड्यूलमध्ये मी तात्पुरतं ठिगळ लावलंय आणि ते फक्त मला माहीत आहे. दोन दिवसांचं काम वाढलं. झोप मात्र शांत लागली.

आज एवढंच करून बघूया : आपल्या कुठल्या व्हार्निशवर कुणी विसंबून आहे का?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥