कारखान्यातली भिंत आणि सरकारची मागणी

भिंत कारखान्यात ओतायची, ट्रेलरवर चढवायची आणि साइटवर क्रेनने उभी करायची, हे ‘प्रीकास्ट’ तंत्र आपल्याकडे नवं नाही. दिल्लीत 1948 मध्येच सरकारी गृहनिर्माण कारखाना निघाला. त्याचंच पुढे ‘हिंदुस्तान प्रीफॅब’ झालं. पुण्यात बी. जी. शिरके यांनी ‘थ्री-एस’ पद्धत विकसित केली आणि म्हाडा-सिडकोच्या वसाहती तिच्यावर उभ्या राहिल्या. तरीही आज कुठल्याही गावात सेंट्रिंगच्या फळ्या, टेकू आणि डोक्यावर घमेलं घेतलेल्या बायका हेच बांधकामाचं चित्र दिसतं. दोष तंत्राचा नाही, धोरणाचा आहे.

साचे, गॅन्ट्री, यार्ड यांत पैसा आधी घालावा लागतो. एकच साचा शेकडो वेळा वापरला, तरच तो वसूल होतो. एक टेंडर संपून दुसरं निघेपर्यंत कारखाना थंड पडला, तरी बँकेचं व्याज थांबत नाही. म्हणून या उद्योगाला अनुदानापेक्षा सलग काम हवं.

सिंगापूरने हे ओळखलं. परदेशी मजुरांवरचं अवलंबित्व कमी करायचं, हा तिथला हेतू. सरकारी गृहमंडळाने 1980च्या दशकापासून प्रीकास्ट सुटे भाग वापरले. 2001 पासून बांधणीच्या सुलभतेचे किमान गुण मिळाल्याशिवाय नकाशा मंजूर होईना. 2014 पासून तर सरकारी जमिनीच्या निवडक भूखंडांवर, खोल्याच्या खोल्या कारखान्यात तयार करून आणण्याची अट विक्रीतच घातली गेली. त्यातूनच 2019 मध्ये ‘क्लेमेंट कॅनोपी’चे 40 मजली दोन मनोरे पूर्ण झाले. त्यांचे सांगाडे मलेशियात ओतले गेले आणि आतली सजावट सिंगापुरात झाली. जमीन सरकारची असली की असा आग्रह धरता येतो. म्हाडा आणि सिडकोकडेही जमीन आहेच.

आपण मात्र प्रात्यक्षिकात अडकलो. केंद्राने 2021 मध्ये सहा शहरांत ‘लाइट हाऊस’ गृहप्रकल्प सुरू केले. त्यांपैकी चेन्नईत 1,152 घरं प्रीकास्टने बांधली. सिडकोने 2022 मध्ये बामणडोंगरीत 96 घरं 96 दिवसांत उभारून दाखवली. प्रयोग फसले नाहीत, पण त्यांच्यामागे सलग कामाची हमी आली नाही. शिवाय कारखान्यातल्या भिंतीच्या पूर्ण किमतीवर, मजुरी आणि नफा धरून, 18 टक्के जीएसटी लागतो आणि 2019 नंतर नव्या घरांच्या बांधकामात त्याची वजावट बिल्डरला मिळत नाही. हा कर कारखान्याच्या विरोधात जातो.

वेगाइतकीच सांध्याचीही काळजी हवी. भिंतीच्या बुडाशी नळकांड्यात सळई बसते. खालच्या भोकातून ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, दाबतात, ते वरच्या भोकातून बाहेर आलं तरच नळकांडं भरलं असं समजायचं. ते कुणी पाहिलं नाही तर पोकळी राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. 1968 मध्ये लंडनच्या रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला, कमकुवत जोडणीमुळे एक कोपराच कोसळला आणि चार जण दगावले. त्या बातमीने ब्रिटनमध्ये प्रीकास्टवरचा विश्वास उडाला. म्हणून सांध्यांची तपासणी कंत्राटदाराकडे न ठेवता स्वतंत्र यंत्रणेकडे द्यायला हवी.

म्हाडा आणि सिडकोने पुढच्या दहा वर्षांत किती घरं प्रीकास्टने बांधणार, याचं वर्षवार वेळापत्रक जाहीर करावं आणि त्या वर्षांत ते बदलू नये.