डोंगरावरून खाली



जुन्या गोव्यात टेकडीवर पवित्र मरियेचे एक लहानसे चॅपेल आहे, अवर लेडी ऑफ द माउंट. १५१० साली अल्बुकर्कने गोवा जिंकल्यानंतर ते उभारले गेले. पायऱ्या चढून दमलेला भाविक वर पोहोचतो, समोर मांडवी नदी दिसते आणि खाली उतरावेसे वाटत नाही.

पेत्रालाही असेच वाटले. त्याला डोंगरावर तीन मंडप बांधायचे होते. पण प्रभू येशू शिष्यांना घेऊन खाली उतरला. खाली एक बाप आजारी मुलासाठी त्याची वाट पाहत होता (मत्तय १७).

पोखर्णीच्या सपाट रानात डोंगर नाही, पण आजाऱ्याचे दार आहे. आज मिस्सानंतर घरी जाण्याआधी त्या दाराशी जाऊ या. आमेन.