शालीबरोबर मैदानही द्या

गावाचा खेळाडू नाव काढतो तेव्हा त्याला शाल-श्रीफळ देऊन गौरवणे हे गावाचे कर्तव्यच आहे. गुणांची कदर न करणारा समाज करंटा ठरतो. पण हार घालताना आपण स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: या खेळाडूच्या वाटचालीचा भार कोणी वाहिला?

क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर आपल्या पालघरचा. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना तो बोरिवलीच्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. पालघरहून बोरिवली पन्नास किलोमीटरहून दूर. रोजची ये-जा मुलाला झेपणार नाही, म्हणून लाड यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे कसोटीत २०२१ मध्ये ब्रिस्बेनला ६७ धावा आणि सामन्यात ७ बळी, २०२२ मध्ये जोहान्सबर्गला एका डावात ७ बळी. आपली छाती फुगली. पण घर उघडले होते ते एका शिक्षकाने.

कुस्तीगीर खाशाबा जाधवांची कथाही अशीच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. १९८४ मध्ये ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

काहीजण म्हणतात, हालअपेष्टांतूनच खेळाडू घडतो. हे खरे नाही. हाल सोसूनही जे टिकले तेवढेच आपल्याला दिसतात. भाड्याला पैसे नाहीत म्हणून, संध्याकाळच्या गर्दीच्या गाडीतून मुलीला एकटीला कसे पाठवायचे म्हणून, ज्यांचा खेळ सुटला त्यांचा सत्कार कधी होत नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक जिंकले. तो पाडा नाशिक जिल्ह्यातला, आपल्या मोखाड्याचा शेजारी. कवितासारखी चिकाटी जव्हार-मोखाड्याच्या मुलींतही आहे. त्यांना हवे ते पोटभर सकस जेवण, पायात बूट आणि रोज मैदानावर येणारा प्रशिक्षक.

हे आपल्या आवाक्यात आहे. तारापूरची औद्योगिक वसाहत आपल्या दारात आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्चायचे असतात आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण त्या कामांत मोडते. त्या पैशातून स्पर्धेचे फलक रंगवण्यापेक्षा प्रशिक्षकाचा वर्षभराचा पगार द्यावा. शाळांनी पी.टी.चा तास गणिताला देऊ नये. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदेने खेळाची जागा मंडपांपासून आणि बांधकामांपासून राखावी. निवृत्त खेळाडूंना वर्षातून एकदा व्यासपीठावर बसवण्याऐवजी मानधन देऊन मुलांच्या हाती सोपवावे. त्यांचा अनुभव हीच गावाची खरी ठेव आहे.

यापुढे प्रत्येक सत्कार समारंभात एक ठराव वाचून दाखवावा: पुढच्या वर्षभरात कोणत्या मुलामुलींचा प्रवास, आहार आणि सराव यांचा भार गाव उचलणार. पुढच्या समारंभात, पहिला हार घालण्याआधी, त्या ठरावाचा हिशेब द्यावा. गुरूला घर गहाण टाकावे लागणार नाही, अशी व्यवस्था उभी करणे हाच गुणवंत खेळाडूंचा खरा गौरव आहे.